काकांचा श्वास चालू आहे असं समजून आम्ही थांबलो. सोसायटीसाठी ए.ई.डी. घ्यावं का?

सिंहगडरोड_सेक्रेटरी

नमस्कार. मी सिंहगड रोडवरच्या ८४ फ्लॅटच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. पुढच्या महिन्यात आमची वार्षिक सभा आहे. हृदयाला शॉक देणारं ते छोटं मशिन असतं ना, ए.ई.डी., ते घ्यायचा विषय मी सभेत मांडणार आहे. पण आधी काय झालं ते सांगते, म्हणजे मी का विचारतेय ते कळेल.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळचे पावणेसात. बी विंगमधले काका, वय ६७, रोज आवारात दहा फेऱ्या मारायचे. मी दूध घ्यायला खाली उतरले होते. पार्किंगपाशी ते चालता चालता थांबले, एका गाडीच्या बॉनेटवर हात टेकला आणि तसेच खाली घसरले. हातापायांना क्षणभर झटके आले. कुणीतरी ओरडलं, "फिट आली, कांदा आणा!" खरंच कांदा आला, बुक्कीने फोडून नाकाशी धरला. एकाने चप्पल हुंगवली. मी माझ्या हाताने बाटलीतलं पाणी त्यांच्या ओठांना लावलं. ते गालावरून ओघळून कॉलरमध्ये गेलं. एक थेंबही गिळला गेला नाही, तरी मला काही उमजलं नाही.

मग घशातून आवाज यायला लागला. घोरल्यासारखा. जबडा खाली जायचा, एक मोठा श्वास ओढल्यासारखं व्हायचं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. सगळ्यांना हायसं वाटलं. "श्वास चालू आहे, श्वास चालू आहे," असं मीच म्हणाले. काकूंना लिफ्टने खाली आणलं, तेव्हा त्यांनाही मी तेच सांगितलं.

१०८ ला फोन लागला होता, पण थांबायला कुणी तयार नव्हतं. सी विंगमधल्या मुलाने गाडी काढली. चौघांनी उचलून काकांना मागच्या सीटवर घातलं, पाय दुमडून. दवाखान्यात पोचेपर्यंत बावीस मिनिटं झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "येताना छाती कोण दाबत होतं?" कुणीच नाही.

आमच्या आवारात त्या वेळी निदान पंधरा माणसं होती. त्यात दोन इंजिनीयर, एक निवृत्त प्राध्यापक, मी एम.कॉम. सगळे गोल करून उभे होतो.

आता कमिटीत मशिनचा विषय काढला तर चेअरमन म्हणतात, हे हॉस्पिटलातलं यंत्र, इथे डॉक्टर नसताना कोण चालवणार? एकांना भीती, की नुसती चक्कर आलेल्या माणसाला चुकून शॉक दिला तर तो त्यानेच जायचा. एकांना पोलीस केसची काळजी. मला या तिन्हींची खरी उत्तरं हवी आहेत. आणि ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया सांगा, तो घोरण्यासारखा आवाज कसला होता? डोळे मिटले की तोच ऐकू येतो.

निवृत्त_सिस्टर

ताई, मी आधी आवाजाचंच सांगते.

तो श्वास नव्हता. आपल्या जुन्या बायका त्याला आचके म्हणायच्या. हृदय थांबलं तरी मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र लगेच विझत नाही, ते अधूनमधून हिसके देत राहतं. त्याने जबडा हलतो, छाती उचलल्यासारखी दिसते, घसा वाजतो. पण त्याने पुरेशी हवा आत जात नाही, आणि रक्त तर थांबलेलंच असतं. हृदय थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत हे बऱ्याच जणांना होतं. झटक्यांचंही तसंच, मेंदूचा रक्तपुरवठा एकदम तुटला की काही क्षण फिटसारखं दिसतं. मी ३१ वर्षं हृदयरोग विभागात नोकरी केली. नव्या मुली ड्यूटीवर आल्या की पहिल्यांदा याच आवाजाला फसायच्या, आणि त्या शिकून आलेल्या असायच्या. तुम्ही दूध घ्यायला उतरला होतात. हे आधी मनात पक्कं करा, मग पुढचं वाचा.

आता पुढच्या वेळेचं. माणूस कोसळला. खांदे थोपटून जोरात हाक मारली, हूं की चूं नाही. श्वास नाही, किंवा आहे तो नेहमीसारखा नाही. झालं, एवढंच बघायचं, आणि त्याला दहा सेकंदांच्या वर घ्यायचे नाहीत. नाडी शोधू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या बोटांतले ठोके लागतात आणि तो म्हणतो, आहे आहे. पाणी नको, कांदा नको, चप्पल नको. एकाला बोटाने दाखवून सांगा, "तू १०८ ला फोन लाव आणि स्पीकरवर ठेव." दुसऱ्याला सांगा, "तू मशिन आण." नुसतं "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही. वॉचमनला गेटवर पाठवा, गेट सताड उघडं, रस्त्यात उभ्या केलेल्या स्कूटर बाजूला.

आणि दाबायला लागा. फरशीवर उताणं निजवून. पलंगावर किंवा गाडीच्या सीटवर दाबलं तर गादी खाली जाते, छाती जिथल्या तिथे. काकांना गाडीत घातलंत ती माणुसकीच होती, पण त्या दुमडलेल्या जागेत मी असते तरी मला दाबता आलं नसतं. म्हणून आहे तिथेच, रुग्णवाहिका येईपर्यंत.

छातीच्या मध्ये जे उभं हाड असतं, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर तळव्याची मनगटाकडची बाजू ठेवायची, तिच्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. दंडाच्या जोराने दाबाल तर मिनिटभरात थकाल. भाकरीचं पीठ मळताना शेवटी आपण कमरेतून वजन टाकतो ना, तसं वजन टाकायचं, फक्त सरळ खाली. मोठ्या माणसाची छाती ५ सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे, ६ च्या वर नको. आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. हात छातीवर रेलून राहिले तर हृदयात रक्त भरणार कुठून?

वेग मिनिटाला १०० ते १२०. इथे एक अडचण मराठीची आहे. तीस दाबांपर्यंत मोजायला लावलं की "एकोणतीस" म्हणेपर्यंत हात रेंगाळतो. म्हणून मी माझ्या सगळ्या विद्यार्थिनींना एक ते दहाच मोजायला शिकवलं, मोठ्याने, पुन्हा पुन्हा. दहा आकडे पाच-सहा सेकंदांत संपले की वेग बरोबर.

तोंडाने श्वास द्यायचा की नाही यावर लोक अडून बसतात. शिक्षण नसेल तर मोठ्या माणसाला नुसती छाती दाबा, थांबू नका. आपल्याकडच्या पुनरुज्जीवन परिषदेनेही सामान्य लोकांसाठी नुसत्या छाती दाबण्याचीच पद्धत ठरवली आहे. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर श्वासही लागतो, तो मात्र हाताखाली शिकूनच घ्यावा.

दोन मिनिटांनी माणूस बदला. तुम्हाला वाटेल मी दमले नाही, पण दाब उथळ झालेला असतो, तो बाहेरच्याला दिसतो. पंधरा माणसं होती म्हणालात. पंधरा माणसं म्हणजे अर्धा तास ताजे हात.

आणि हो, वयस्कर माणसाची बरगडी कट्‌ करून वाजू शकते. हाताला कळतं. पहिल्यांदा मला कळलं तेव्हा माझे हात थिजले होते, आणि आमच्या मेट्रन माझ्या कानाशी म्हणाल्या होत्या, "बरगडी सांधेल गं, तू दाब."

काहीच केलं नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. पुण्याच्या रस्त्यांवरून कितीही चांगली रुग्णवाहिका आली, तरी ही पहिली मिनिटं आवारातल्या माणसांचीच असतात.

मी सहकारनगरला राहते. बोलावलंत तर येईन, पुतळ्यावर करून दाखवीन. पैसे वगैरे नकोत.

कोथरूडचा_ढोलवाला

सिस्टरांनी हातांचं सांगितलं, मी मशिनचं सांगतो. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपासून आहे आणि ते आणताना केलेल्या चुका तुम्ही करू नयेत असं मनापासून वाटतं.

चेअरमनसाहेबांच्या शंकेबद्दल आधी. हे यंत्र हॉस्पिटलाबाहेर न्यायचा विचार नवा नाही. १९६५ मध्ये बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारं, जवळजवळ ७० किलो वजनाचं यंत्र रुग्णवाहिकेत चढवलं होतं. रोगी हॉस्पिटलात पोचण्याआधीच जातात हे त्यांना दिसत होतं. आजचं मशिन लहान मुलाच्या दप्तराएवढं आहे, आणि ते डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातात द्यायलाच बनवलेलं आहे.

शॉक चुकून बसेल ही भीती मलाही होती. मी पथकात ढोल वाजवतो, त्यामुळे मला ते असं समजलं. ताशा लय धरून ठेवतो आणि पन्नास ढोल त्या लयीत पडतात. समजा ताशा तुटला आणि प्रत्येक ढोल आपापला बडवायला लागला. हात सगळ्यांचे हलतायत, पण ठेका नाही, नुसता गोंगाट. हृदयाच्या झडपांखालचे कप्पे असे बेताल थरथरायला लागले की रक्त पुढे सरकत नाही. शॉकने सगळे ढोल एका क्षणात गप्प होतात, म्हणजे ताशाला पुन्हा पहिल्यापासून उचल घेता येते. हृदयाचा स्वतःचा ताशेवाला असतो, तो वरच्या कप्प्यात बसलेला असतो.

मशिन छातीला चिकटवायच्या पट्ट्यांमधून हाच गोंगाट आहे का ते तपासतं. नेहमीचा ठेका चालू असेल, माणसाला नुसती भोवळ आली असेल, तर ते शॉक भरतच नाही, बटण दाबलं तरी काही होत नाही. आणि सगळे ढोल आधीच गप्प असतील, म्हणजे सिनेमात दाखवतात ती सरळ रेघ, तेव्हाही ते शॉक देत नाही, कारण गप्प करायला काही उरलेलंच नाही. हे सभेत आवर्जून सांगा, कारण आमच्या सरावात इथेच घोटाळा झाला. मशिन म्हणालं "शॉकची गरज नाही" आणि दाबणारा मुलगा हात झटकून उभा राहिला, जणू पेशंट बरा झाला. माणूस जागा झाला नसेल तर ताबडतोब परत दाबायला लागायचं. शॉक दिल्यावरही तसंच, बघत बसायचं नाही, लगेच दाबणं सुरू. दोन मिनिटांनी ते स्वतःच थांबायला सांगतं आणि पुन्हा तपासतं. तपासताना आणि शॉकच्या वेळी मात्र कुणाचाही हात अंगाला लागलेला नको, मोठ्याने "दूर व्हा" म्हणा.

एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पट्टीवर चित्र असतं. घाम असेल तर पुसा, छातीवर दाट केस असतील तर पट्टी चिकटत नाही, तेवढ्यापुरते खरडून काढा. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचलं असेल तर आधी कोरड्या जागी ओढा. म्हणून आमच्या पिशवीत एक पंचा, एक रेझर आणि जाड कात्री कायम असते.

आता आमची चूक. मशिन आलं, नारळ फोडला, आणि ते ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. महाग वस्तू, चोरीला जाईल म्हणून. तीन महिन्यांनी एका रविवारी मी न सांगता सराव घेतला. बॅडमिंटन कोर्टवर माझा भाऊ आडवा पडला आणि मी ओरडलो, मशिन आणा. वॉचमन धावला. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर धायरीला, त्या दिवशी सुट्टीवर. आठ मिनिटांनी मी घड्याळ थांबवलं. त्या रात्री मी कमिटीच्या ग्रुपवर जेवढं रागावून लिहिलं तेवढं आजवर कधी लिहिलं नव्हतं. आता ते लिफ्टच्या लॉबीत भिंतीवर आहे. कुलूप नाही. दार उघडलं की भोंगा वाजतो, तो चोरासाठी पुरेसा आहे आणि त्याने माणसंही गोळा होतात.

घेण्याआधी ते कुठल्या भाषेत बोलतं ते ऐका. आम्हाला दाखवलेलं पहिलं मशिन अस्खलित इंग्रजी बोलत होतं, आणि रात्री दोन वाजता आवारात जागा असतो तो आमचा वॉचमन. आम्ही हिंदीवालं घेतलं आणि दारावर मोठ्या मराठी अक्षरांत कागद डकवला. पट्ट्यांना मुदत असते, साधारण दोन वर्षांची, त्यांचा खर्च बजेटमध्ये धरा. हिरवा दिवा लुकलुकतोय ना, हे दर सोमवारी वॉचमन रजिस्टरमध्ये लिहितो. मशिनला आम्हाला लाखाच्या आसपास खर्च आला, ८४ फ्लॅटमध्ये वाटलात तर घरटी बाराशे रुपये.

सदाशिवपेठी_वकील

पोलीस केसचं थोडक्यात. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ खाली संरक्षण आहे, पण ते अपघातापुरतं. सोसायटीतल्या प्रसंगाला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० बघा, जुन्या दंडविधानात ते ९२ होतं. संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती केवळ त्यातून इजा झाली म्हणून गुन्हा ठरत नाही. बरगडी मोडल्याची भीती असणाऱ्यांना हे वाचून दाखवा. सभेत ठराव करा, प्रशिक्षण घेतलेल्यांची यादी इतिवृत्तात लावा. मशिन फक्त त्यांनीच वापरायचं असं मात्र ठरावात लिहू नका, नाहीतर यादीतला माणूस शोधण्यात वेळ जाईल.

सिंहगडरोड_सेक्रेटरी

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, "आचके" हा शब्द मला माहीत होता हो. माझी आजी गेली तेव्हा घरात हाच शब्द ऐकला होता. त्या सकाळी तो मला आठवला नाही, याचं फार वाईट वाटतं.

एक प्रश्न राहिला. आमच्या भिशीच्या ग्रुपमध्ये बायकांनी विचारलं, बाई कोसळली तर? पट्ट्या उघड्या अंगाला लावायच्या, तेही पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर. एक जण तर म्हणाली, मला असं काही झालं तर मला हात लावू नका.

निवृत्त_सिस्टर

चांगलं झालं विचारलंत. याच संकोचापायी बायकांना मदत उशिरा मिळते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

ब्लाउज, कुर्ता, आतले कपडे मधोमध कात्रीने कापायचे, काढत बसायचं नाही. पट्टी कपड्यावर चालत नाही. दाबणं कपड्यांवरून सुरू करा, मशिन आलं की मग कापा. चार-पाच बायकांनी पाठ आत करून गोल उभं राहायचं, पदर, ओढणी, जे असेल त्याचा आडोसा धरायचा. पट्ट्या लागल्या की वरून ओढणी टाकली तरी चालते. मंगळसूत्र तोडू नका, ते खांद्यावर सारून ठेवा, पट्टीखाली आलं नाही म्हणजे झालं. कातडीखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पट्टी त्याच्यावर न लावता थोडी बाजूला. दाबायला पुरुष असला तरी हरकत नाही, तो शेजारचा दादाच आहे.

आणि त्या ताईंना माझ्याकडून सांगा, की तुम्हाला मी नक्की हात लावीन.

सिंहगडरोड_सेक्रेटरी

काल रविवारी सिस्टर येऊन गेल्या. क्लबहाउसमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या, दोन अर्धे पुतळे आणले होते. एकेचाळीस जण आले, दोन्ही पाळ्यांचे वॉचमन, घरकामाच्या मावशी, दहावीतली मुलं. पुतळ्यात दाब पुरेसा झाला की टिक्‌ वाजतं. चेअरमनसाहेबांच्या हातून पहिल्या मिनिटाला एकदाही वाजलं नाही. त्यांना वाटत होतं ते फार जोरात दाबतायत. दुसऱ्या खेपेला शर्टाच्या बाह्या वर करून बसले आणि सलग वाजवलं. उठताना म्हणाले, "एवढं दाबायचं असतं?" मशिनचा विषय त्यांनी स्वतः अजेंड्यावर घेतला आहे.

काकूही आल्या होत्या. मी बोलावलं नव्हतं, धीर झाला नव्हता. मागच्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसून होत्या. सगळे पांगायला लागल्यावर उठून पुढे आल्या आणि सिस्टरांना विचारलं, "माझे गुडघे वाकत नाहीत. खाली बसता येत नाही. मग मी काय करायचं?"

सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही मोजा. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मी पुतळ्यापाशी गुडघे टेकले. काकू माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि दोन मिनिटं एक ते दहा मोजत राहिल्या. एकदाही अडखळल्या नाहीत.

सभा १४ तारखेला आहे. काय ठरतं ते इथे लिहीन.